जुने हार्ड रॉक बँड आणि त्यांचे कमबॅक अल्बम: एका दुखावलेल्या चाहत्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा जुना बँड नवा अल्बम घेऊन येतोय अशी बातमी आली की ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात. ऐकलास का, कसा आहे, घ्यावा का? माझी उत्तरं दर वेळी साधारण तीच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. हार्ड रॉक आणि जुनं हेवी मेटल यांच्यातली भिंत मी इथे पाळलेली नाही. ऐकणाऱ्यांच्या घरातही ती कधी नव्हती.

कमबॅक अल्बम नेमका कशाला म्हणायचं?

बऱ्याच वर्षांनी आलेला प्रत्येक अल्बम कमबॅक नसतो. ज्याची जाहिरातच ‘ते परत आले’ अशी होते, त्याला मी कमबॅक म्हणतो. कधी सोडून गेलेला गायक परततो, जसा आयर्न मेडनमध्ये १९९९ साली ब्रूस डिकिन्सन किंवा जूडास प्रीस्टमध्ये २००३ साली रॉब हॅलफर्ड. कधी फुटलेला अख्खा संच पुन्हा जमतो, जसा १९८४ साली डीप पर्पलचा जमला. आणि कधी एकच माणूस बँडचं नाव धरून बसतो, आणि पंधरा वर्षांनी त्या नावाने अल्बम काढतो. या तिन्ही प्रकारांना दुकानात एकच लेबल लागतं. आतला माल मात्र फार वेगवेगळा असतो.

तुम्हाला या मंडळींचा राग आहे का?

अजिबात नाही. ब्लॅक सॅबथचे सत्तरच्या दशकातले अल्बम, एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’, गन्स एन’ रोझेसचा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हे मी आजही ऐकतो आणि आजही ते अंगावर येतात. दुखतं ते त्यामुळेच. चांगलं काय आणि बेताचं काय हे ज्यांनी आपल्या कानांना शिकवलं, त्यांच्याच नव्या अल्बमला सवलतीचे मार्क द्यायचे, हे मला जमत नाही. परक्या बँडचा सुमार अल्बम मी एकदा ऐकून विसरतो. यांचा विसरता येत नाही.

मग बिनसतं कुठे?

माझं उत्तर एकच आहे. नावं परत येतात, पण ती माणसं एका खोलीत बसून वाजवत नाहीत.

हार्ड रॉकचा बँड म्हणजे चार-पाच वादकांची बेरीज नव्हे. गिटार किंचित पुढे पळते, ड्रम किंचित मागे रेलतात, बेस दोघांना सांधून धरतो. या ओढाताणीतून जी चाल तयार होते, तिलाच आपण त्या बँडचा आवाज म्हणतो. सॅबथने पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. पैसे आणि वेळ तेवढाच होता, आणि ती गाणी क्लबांमध्ये रात्रीमागून रात्री वाजवून त्यांच्या हातात बसली होती. चौघं एकमेकांकडे बघत वाजवत होते हे त्या अल्बममध्ये स्पष्ट ऐकू येतं. बिल वॉर्ड लहानपणापासून बिग बँड जॅझ ऐकत वाढलेला ड्रमर. गिटारवादक टोनी आयोमीचे जड रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, त्याच्या हाताखाली झुलायला लागतात. तो झोका काढून घेतला तर नुसतं वजन उरतं.

कमबॅकच्या वेळी परिस्थिती अशी नसते. एक जण लॉस एंजेलिसमध्ये, दुसरा इंग्लंडात, तिसऱ्याचं बोलणं फक्त वकिलामार्फत. ड्रम आज, गिटार महिन्याने, गाणं सगळ्यात शेवटी. संगणकावर प्रत्येक ठोका क्लिक ट्रॅकच्या, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या यांत्रिक ठेक्याच्या, चौकटीत नेऊन बसवता येतो, आणि सोय हाताशी असली की ती वापरली जातेच. ताल बिनचूक होतो आणि ओढाताण संपते.

सगळ्यात दुखरं उदाहरण किसचं आहे. १९९६ मध्ये जीन सिमन्स, पॉल स्टॅनली, एस फ्रेली आणि पीटर क्रिस हे मूळ चौघे जुन्या मेकअपसह मंचावर परतले. दौरा तुफान चालला. १९९८ मध्ये त्या चौघांचा नवा अल्बम म्हणून ‘सायको सर्कस’ आला. प्रत्यक्षात त्यातले जवळपास सगळे ड्रम केव्हिन व्हॅलेंटाइन या स्टुडिओ वादकाने वाजवलेले आहेत आणि मुख्य गिटारचं बरंचसं काम टॉमी थायरने केलेलं आहे. क्रिस आणि फ्रेली मोजक्या ठिकाणी ऐकू येतात. थायर पुढे फ्रेलीचाच मेकअप लावून बँडचा अधिकृत गिटारवादक झाला. वादक म्हणून तो नेकीचा माणूस आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण चौघांच्या पुनर्मीलनाचा अल्बम म्हणून पैसे मोजलेल्या माणसाला दोघांचं वादन मिळावं, ही फसवणूक आहे. मी सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

गन्स एन’ रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ खरंच एवढा वाईट आहे का?

वाईट नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर बोलणं अवघड जातं.

गन्स एन’ रोझेसचे ‘यूज युअर इल्युजन’चे दोन भाग १९९१ च्या सप्टेंबरमध्ये एकाच दिवशी आले. १९९३ मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला. मग गिटारवादक स्लॅशने १९९६ मध्ये बँड सोडला, बेसवादक डफ मॅकेगनने १९९७ मध्ये, आणि नाव गायक ॲक्सल रोझकडे राहिलं. पुढची दहा-अकरा वर्षं स्टुडिओ बदलत राहिले, निर्माते बदलत राहिले, गिटारवादक येत-जात राहिले. २००५ मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खर्चाचा आकडा १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात सांगितला होता. शेवटी २३ नोव्हेंबर २००८ ला अल्बम बाजारात आला.

त्यात ‘देअर वॉज अ टाइम’सारखं गाणं आहे, ज्याच्या शेवटाकडची गिटार मी कुणाही समोर वाजवून दाखवायला तयार आहे. ‘बेटर’ आहे. ॲक्सलचा आवाज जागोजागी थरारून टाकतो. पण एकेका गाण्यात गिटारचे इतके थर, त्यावर वाद्यवृंद, त्यावर यांत्रिक ताल, त्यावर स्वतःच्याच आवाजाचे आणखी थर चढवले आहेत, की कुठे फटच उरलेली नाही. आता ‘ॲपेटाइट’ (१९८७) हेडफोनवर ऐका. एका कानात इझी स्ट्रॅडलिनची सैल, रोलिंग स्टोन्सच्या वळणाची गिटार, दुसऱ्या कानात स्लॅशची धारदार, मध्ये डफचा बेस, आणि स्टीव्हन ॲडलरचे ड्रम सगळ्यांना नाचवताहेत. इझी कमी वाजवतो म्हणून स्लॅशला जागा मिळते. ‘चायनीज डेमोक्रसी’त कुणीच कुणाला जागा देत नाही, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतंच. माणसं होती पुष्कळ, पण एका वेळी एक, आणि सगळ्यांच्या कामावर अखेरचा हात एकट्याचा. ॲक्सल रोझच्या नावाने आला असता तर मी त्याला धाडसी एकल अल्बम म्हणून आनंदाने मान दिला असता.

माणसं म्हातारी झाली की आवाज उतरणारच. त्यात त्यांचा काय दोष?

वयाचा दोष मी कधीच देत नाही. पण वयाशी कसं वागायचं हा कलावंताचा निर्णय असतो, आणि त्यावर बोलायला हवं.

आपल्याकडे ख्यालगायकाच्या उतारवयाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. पट्टी खाली आणली, तानांचा वेग कमी झाला, तरी रागाची समज वाढलेली असते, आणि श्रोता ती ऐकायला बसतो. हार्ड रॉकच्या गायकाला ही वाट थोडी अरुंद आहे. त्याची गाणी पंचविशीतल्या फुप्फुसांसाठी लिहिलेली असतात आणि हजारोंना ती मूळ स्वरात पाठ असतात. तरीही वाट आहे. डीप पर्पलचा गायक इयन गिलन याने ‘चाइल्ड इन टाइम’ मंचावर गाणंच थांबवलं, कारण त्यातल्या किंकाळ्या त्याला पूर्वीसारख्या जमणार नव्हत्या. डीप पर्पलच्या अलीकडच्या अल्बमांत तो खालच्या, गप्पा मारल्यासारख्या आवाजात गातो आणि ते ऐकायला बरं वाटतं. अनेक बँड गिटारची पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नको असतं ते वेगळंच. आवाज तुकड्यातुकड्यांनी गोळा करायचा, यंत्राने सरळ करायचा, वर पाच थर चढवायचे आणि तिशीतला भास उभा करायचा. मग तेच गाणं मंचावर ऐकलं की गायकाची दया येते. ती वेळ त्याच्यावर अल्बम बनवणाऱ्यांनीच आणलेली असते.

हे नवे अल्बम इतके कर्कश का वाटतात? थोड्या वेळात कान दुखतात.

तुमच्या कानांत दोष नाही. डिजिटल ध्वनिमुद्रणाला वरची एक ठाम मर्यादा असते. त्यापलीकडे आवाज जाऊच शकत नाही. नव्वदच्या दशकापासून प्रत्येक सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजली पाहिजे अशी शर्यत लागली. त्यासाठी ड्रमच्या ठोक्यांसारखे उंच जाणारे आवाज दाबून टाकायचे आणि मग सगळंच उचलून मर्यादेला टेकवायचं. ठोका आणि ठोक्यांमधली शांतता यांतलं अंतर नाहीसं होतं. स्नेअर ड्रम फटकन वाजण्याऐवजी फसकन वाजतो, गिटार करवतीसारखी सतत कानाशी राहते, आणि काही ठिकाणी आवाज चक्क फाटतो.

मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ याचं गाजलेलं उदाहरण. ‘सेंट अँगर’ने (२००३) दुखावलेल्या चाहत्यांसाठी तो अल्बम म्हणजे माहेरी परतणं होतं, गिटार सोलो परत आले होते, लांब गाणी परत आली होती. पण ‘गिटार हिरो’ या खेळासाठी तीच गाणी कमी दाबलेल्या स्वरूपात आली, आणि खेळातला आवाज सीडीपेक्षा चांगला आहे हे लोकांना सरळ ऐकू आलं. पुन्हा मिक्स करा, म्हणजे वाद्यांचे आवाज नव्याने जुळवा, म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. मास्टरिंग, म्हणजे अल्बमवरचा अखेरचा ध्वनिसंस्कार, करणाऱ्या टेड जेन्सननेही कळवलं की आपल्या हाती आलं तेव्हाच ते मिक्स भिंतीला टेकलेलं होतं.

वाईट याचं वाटतं की त्यातली काही गाणी खरोखर दमदार आहेत. आता स्ट्रीमिंग सेवा सगळ्यांचा आवाज साधारण एका पातळीवर आणून वाजवतात, म्हणजे दाबून मोठं करण्याचा फायदाही संपला. तरी सवय जात नाही.

आणि इतके लांब का असतात?

कारण आता कुणी अडवत नाही. एलपीच्या दोन बाजूंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वर नेलं की आवाज खालावत असे. ‘बॅक इन ब्लॅक’ दहा गाण्यांत, साधारण ४२ मिनिटांत संपतो. व्हॅन हेलनचा पहिला अल्बम तर ३५ मिनिटांचा आहे. मेटालिकाचा ‘सेव्हंटी टू सीझन्स’ (२०२३) ७७ मिनिटांचा आहे, मेडनचा ‘सेन्जुत्सू’ (२०२१) ८० मिनिटांच्या वर जातो. मेडनवर माझं निस्सीम प्रेम आहे, तरी त्यांच्या या लांब गाण्यांच्या मंद प्रस्तावनांवर कुणीतरी कात्री चालवायला हवी होती असं मला दर वेळी वाटतं. तरुण बँडला कंपनीचा माणूस, निर्माता, नाहीतर बँडमधलाच कुणी तोंडावर सांगतो की हे गाणं काढ. साठीच्या दिग्गजाला हे सांगणारा कुणी उरत नाही.

एखादा मोठा निर्माता जुना आवाज परत आणून देऊ शकत नाही का?

याची सगळ्यात मोठी परीक्षा ब्लॅक सॅबथच्या ‘थर्टीन’मध्ये झाली. २०१३ चा जून. ऑझी ऑसबॉर्नचा आवाज असलेला सॅबथचा स्टुडिओ अल्बम १९७८ नंतर पहिल्यांदाच येत होता. निर्माता रिक रुबिन. त्याने बँडला बसवून त्यांचाच पहिला अल्बम ऐकवला आणि त्यानंतर लगेच आलेला दुसरा अल्बम असल्यासारखं हे काम करा असं सुचवलं.

हेतू चांगला होता, पण माझ्या मते घोळ तिथेच झाला. अल्बम उघडतो तो पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याची चौकट समोर ठेवून. ‘झाइटगाइस्ट’ ऐकताना त्यांचंच जुनं ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’ कानात वाजायला लागतं. अल्बम संपतो तो पाऊस आणि घंटा यांवर, म्हणजे १९७० मध्ये बाहेर आलेला तो पहिला अल्बम जिथून सुरू झाला होता तिथे. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या सावलीत जे शोधलं, ते पासष्टीच्या माणसांना पुन्हा करायला सांगितलं गेलं. त्या पोरांसमोर कुठलाही नमुना नव्हता हे विसरलं गेलं.

आणि बिल वॉर्ड नव्हता. सही करण्याजोगा करार मिळत नाही म्हणून तो २०१२ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क आला. विल्क दणकट वाजवतो, पण तो ठोक्यावर वाजवतो, आणि वॉर्ड ठोक्याभोवती वाजवायचा.

तरीही या अल्बमविषयी मी आदरानेच बोलेन. आयोमीला २०१२ च्या सुरुवातीला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, असल्याचं निदान झालं. उपचार चालू असताना तो हे रिफ लिहीत आणि वाजवत होता. गीझर बटलरचा बेस तर जुन्या ताकदीचा आहे. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, जे सॅबथला आधी कधीच साधलं नव्हतं, आणि ब्रिटनमध्येही १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर पहिल्यांदा. त्या यशाचा मला आनंद झाला. पण अल्बम पुन्हा लावावासा वाटत नाही.

पुढे ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघे, बिल वॉर्डसकट, वीस वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझी पार्किन्सन्समुळे खुर्चीवर बसून गायला. फक्त चार गाणी झाली. चाल डगमगली, आवाज चिरला, आणि तरी ते चौघे एकमेकांना ऐकत वाजवत होते. सतरा दिवसांनी ऑझी गेला. त्या चार गाण्यांत मला जे मिळालं ते ‘थर्टीन’मध्ये मिळालं नव्हतं, आणि तिथे एकही गाणं नवं नव्हतं.

जुन्या कपाटातली गाणी नव्याने वाजवली तर काय बिघडलं?

काहीच नाही, वाजवणारे एकत्र असतील तर. व्हॅन हेलनचा ‘अ डिफरन्ट काइंड ऑफ ट्रुथ’ (२०१२) बराचसा सत्तरच्या दशकातल्या डेमोंवर उभा आहे. १९८४ नंतर मूळ गायक डेव्हिड ली रॉथसोबतचा तो पहिला पूर्ण अल्बम. गिटारवर एडी, ड्रमवर त्याचा भाऊ ॲलेक्स आणि बेसवर एडीचा मुलगा वुल्फगँग हे घरातलेच तिघे, आणि ते एकमेकांच्या हाताला हात लावून वाजवताहेत हे ऐकू येतं. एडीची गिटार उसळत राहते. उणीव एकाच गोष्टीची आहे. जुना बेसवादक मायकल अँथनी याचा उंच साथ-आवाज नाही, आणि कोरस आला की ती जागा रिकामी वाजते. तरीही या यादीतल्या पुष्कळ अल्बमांच्या वर मी तो ठेवतो. एडी २०२० मध्ये गेला आणि हा त्याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला.

गन्स एन’ रोझेसचं प्रकरण वेगळं आहे. स्लॅश आणि डफ २०१६ मध्ये परतले. २०२१ आणि २०२३ मध्ये जी ‘नवी’ गाणी आली ती ‘चायनीज डेमोक्रसी’च्या काळातल्या उरलेल्या साठ्यातली, वर स्लॅश आणि डफ यांचं वादन चढवलेलं. ज्या गाण्याच्या जन्माला स्लॅश हजर नव्हता त्यात तो पाहुण्यासारखाच वाजवणार.

मग नवे अल्बम काढतातच कशाला? पैसा?

पैसा आहे, पण तो अल्बममध्ये नाही, दौऱ्यात आहे. गन्स एन’ रोझेसच्या २०१६ ते २०१९ च्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरहून जास्त कमावले, आणि त्यासाठी नवा अल्बम लागला नाही. बहुतेक बँडसाठी अल्बम हे दौऱ्याच्या जाहिरातीचं निमित्त असतं. अमेरिकेत तिकिटाबरोबर अल्बम जोडून देण्याची चाल काही वर्षं जोरात होती. बॉन जोव्हीचा एक अल्बम त्या बळावर २०१८ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. २०२० मध्ये विक्रीच्या क्रमवाऱ्या काढणाऱ्या बिलबोर्डने नियम कडक केले.

पण सगळं पैशावर ढकलणंही खरं नाही. ज्यांनी आयुष्यभर गाणी लिहिली त्यांना लिहावंसं वाटतंच. तक्रार लिहिण्याबद्दल नाहीच.

जमलेला असा एक तरी आहे का?

आहेत ना. पहिलं नाव आयर्न मेडनच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चं, सन २०००. डिकिन्सन परतला, त्याच्याबरोबर गिटारवादक एड्रियन स्मिथही. सरळ हिशेबाने स्मिथच्या जागी आलेल्या जॅनिक गर्सला निरोप द्यायला हवा होता. त्यांनी दिला नाही. तीन गिटारवादक ठेवले. पॅरिसमध्ये निर्माता केव्हिन शर्लीने सहाही जणांना एकत्र वाजवायला लावून बहुतेक अल्बम तसाच ध्वनिमुद्रित केला. ऐंशीच्या दशकाची नक्कल त्यात नाही. तीन गिटार असलेला एक नवा बँड त्यात ऐकू येतो. आणि या लोकांचा स्वतःच्या नव्या गाण्यांवर विश्वास आहे: २००६ च्या दौऱ्यात त्यांनी ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा नवा अल्बम अथपासून इतिपर्यंत वाजवला. जुनी गाणी ऐकायला आलेले लोक कुरकुरले, तरी वाजवला. म्हणून त्यांच्या लांब गाण्यांवरची माझी तक्रारही प्रेमाची आहे.

डीप पर्पलचा ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ (१९८४) हा तर या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष. ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस हे पाच जण १९७३ नंतर पहिल्यांदा एकत्र आले आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मुक्काम ठोकून त्यांनी तो केला. शीर्षकगीतातला जॉन लॉर्डचा ऑर्गन ऐका. पण तिथूनच एक इशाराही मिळतो. पुढचा अल्बम (१९८७) निस्तेज निघाला, मग गिलनला काढलं, मग परत बोलावलं, आणि १९९३ मध्ये दौऱ्याच्या मध्यावर ब्लॅकमोर कायमचा निघून गेला. खोलीत एकत्र बसणं एकदा जमतं, दुसऱ्यांदा जमेलच असं नाही.

जूडास प्रीस्टचा ‘फायरपॉवर’ (२०१८) मला मनापासून आवडतो. गिटारवादक ग्लेन टिप्टनचा पार्किन्सन्स तेव्हा जाहीर झाला, आणि तरी अल्बममध्ये कुठेही कणव मागितलेली नाही.

मूळ माणूसच हयात नसेल तर?

मग सगळं प्रामाणिकपणावर येतं. एसी/डीसीचा मॅल्कम यंग २०१७ मध्ये डिमेन्शियाने गेला. त्याच्या भावाची, ॲन्गसची, शाळेच्या गणवेशातली धावपळ सगळ्यांना दिसायची. बँडचा कणा होता मॅल्कमचा उजवा हात. २०२० चा ‘पॉवर अप’ मॅल्कमला अर्पण केलेला आहे, आणि त्यातल्या प्रत्येक गाण्याचं श्रेय ॲन्गस आणि मॅल्कम या दोघांना आहे, कारण गाणी दोघांनी मिळून आधी जमवलेल्या कल्पनांवर बांधलेली आहेत. मॅल्कमच्या जागी वाजवणारा स्टीव्ही त्यांचा पुतण्या. ऐकू येईना म्हणून २०१६ चा दौरा सोडावा लागलेला गायक ब्रायन जॉन्सन परत आला, निवृत्त झालेला क्लिफ विल्यम्स परत आला, फिल रड परत आला. बारा गाणी, ४१ मिनिटं. नवीन काही नाही, आणि नवीन असल्याचा दावाही नाही. एका भावाने दुसऱ्यासाठी केलेलं काम म्हणून मी ते ऐकतो.

ॲलिस इन चेन्सचं ‘ब्लॅक गिव्हज वे टू ब्लू’ (२००९) वयाने या यादीत बसत नाही, पण गायक लेन स्टेलीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी त्यांनी त्याच्या जाण्याविषयीच अल्बम केला. नव्या गायकाला, विल्यम ड्युव्हॉलला, त्याची नक्कल करायला लावली नाही.

‘हा आमचा शेवटचा’ असं सांगतात त्यावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. स्कॉर्पियन्सने २०१० चा अल्बम आणि त्यामागचा दौरा निरोपाचा म्हणून जाहीर केला. २०१५ आणि २०२२ मध्ये आणखी अल्बम आले. मॉटली क्रूने तर २०१४ मध्ये पुन्हा दौरा न करण्याच्या करारावर पत्रकारांसमोर सह्या केल्या आणि २०१९ मध्ये परतीची घोषणा केली. वाजवावंसं वाटलं तर जरूर वाजवा. फक्त निरोपाच्या नावावर तिकिटं विकू नका. त्या रात्री कुणीतरी दूरच्या गावाहून, उसने पैसे घेऊन आलेलं असतं.

मुंबई-पुण्यातल्या श्रोत्यांना याचं वेगळं काही वाटतं का?

मला तरी वाटतं. आपल्या वाट्याला हे बँड ऐन भरात असताना कधी आलेच नाहीत. आपण त्यांना कॅसेटमधून ओळखलं, मुंबईतल्या ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात उभं राहून, एकमेकांकडून कॉपी करून घेऊन, रंगभवनच्या खुल्या मंचावर इथल्या पोरांनी वाजवलेल्या त्यांच्याच गाण्यांमधून. डीप पर्पल मुंबईत आले १९९५ मध्ये, तोवर ब्लॅकमोर सोडून गेला होता. रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर वाजले २००३ मध्ये. मेडन मुंबईत आले १ फेब्रुवारी २००८ ला, आणि त्या दौऱ्याचा सगळा भर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर होता. गन्स एन’ रोझेस बीकेसीत आले डिसेंबर २०१२ मध्ये, स्लॅशशिवाय. स्लॅशसह ते महालक्ष्मीला दिसले २०२५ मध्ये.

म्हणजे लंडन किंवा लॉस एंजेलिसच्या चाहत्याकडे तरुण बँड प्रत्यक्ष पाहिल्याची आठवण असते, आपल्याकडे फक्त ध्वनिमुद्रणं. आपल्यासाठी अल्बम हाच बँड होता. त्यामुळे दौऱ्याचं निमित्त म्हणून घाईने उरकलेला अल्बम आपल्याला जास्त लागतो.

लेड झेपेलिनची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांसोबत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ यांची ध्वनिमुद्रणं केली होती. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. दोन अनोळखी परंपरांचे लोक एका खोलीत बसून एकमेकांचा ठेका शोधताहेत, अडखळताहेत. ड्रमर जॉन बॉनमच्या मृत्यूनंतर झेपेलिनने १९८० मध्ये बँड संपवला, २००७ मध्ये लंडनला एक पूर्ण मैफल केली आणि नवा अल्बम काढायचं टाळलं. त्यांचं हे टाळणं मला फार मोठं वाटतं.

नवा कमबॅक अल्बम घेण्याआधी काय पाहावं?

आधी श्रेयनामावली वाचा. कुठल्या गाण्यात कोण वाजवतोय, ध्वनिमुद्रण किती ठिकाणी झालं, गाणी लिहिणाऱ्यांत बाहेरचे किती, हे तिथे कळतं. आठ स्टुडिओंची नावं दिसली की मी सावध होतो. लांबी बघा. मग दौऱ्याच्या पहिल्या आठवड्यातली गाण्यांची यादी बघा. त्यात नव्या अल्बमचं एकच गाणं असेल, तर बँडने स्वतःच आपला निकाल दिलेला आहे. आणि ऐकताना सुरुवात जाहिरातीतल्या गाण्यापासून करू नका. अल्बमच्या मध्यावरचं, कुणी नाव न घेतलेलं एखादं गाणं लावा आणि दोन मिनिटं फक्त ड्रम आणि बेस ऐका.